पाऊस ठरल्या दिवशी येत नाही, मग पेरायचं कधी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: दहिसरला राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय बेचाळीस. घरी मिस्टर, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी आहे आणि सोसायटीने गच्चीचा एक कोपरा वापरायला दिला आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं की मुलाला शक्यतो घरचीच भाजी खाऊ घालायची. यंदा एप्रिलमध्ये एका रविवारी टोमॅटो, वांगी, मिरची, पालक आणि कोथिंबीर असं सगळं लावलं. टोमॅटोची फुलं गळाली, पालक पिवळा पडला आणि मेअखेरीच्या पावसात उरलंसुरलं आठ दिवसांत कुजलं. आजवर माती, खत, कुंड्यांवर बारा-तेरा हजार गेले. मिस्टर म्हणतात, "दोनशेची भाजी, हजाराची माती." सासूबाई मूळच्या कुडाळकडच्या. त्यांचं म्हणणं, मिरग बघून पेरलं असतंस तर ही वेळ आली नसती. आता ताईंनी दुसरी वाट धरली आहे. सकाळी फिरायला गेल्या की नदीकाठच्या मोकळ्या जागेतून आणि राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीलगत टाकळा, कुर्डू, घोळ अशा रानभाज्या खुडून आणतात. ओळख व्हिडिओ बघून पटवतात. "ही भाजी शुद्ध आहे, फुकट आहे आणि पावसाने मरत नाही," असं त्या लिहितात. घरात यावरून रोज वाद होतो. पाण्यावर भाजी वाढवण्याचा अठरा हजारांचा एक संचही त्यांनी बघून ठेवला आहे. तो घ्यावा, की बाग बंद करून रानभाज्याच आणाव्यात, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राचा शेवट असा: "माझ्या हाताला गुणच नाही असं वाटतं. गच्चीवर सासूबाईंनी लावलेलं अळू आणि हळद तेवढी उरली आहे, बाकी नुसत्या कुंड्या."

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. तुम्ही गेलेल्या प्रत्येक रोपाचा हिशेब दिला आहे, टोमॅटोला किती घोस आले होते तेही लिहिलं आहे. पण त्याच गच्चीवर, त्याच पावसात अळू आणि हळद उभी आहेत. त्यांचा उल्लेख तुम्ही "तेवढी उरली आहे" असा केलात. मला मात्र पत्रातली सर्वांत कामाची माहिती तीच वाटली. ती दोन का जगली?

अळूला पाय ओले असलेले चालतात. कोकणातल्या घरांमागे न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथेच अळू लावलेलं असतं. हळदीला दमट हवा आणि थोडी सावली लागते. मुंबईचा पावसाळा म्हणजे या दोघांच्या घरचं हवामान. टोमॅटोचं तसं नाही. रात्रीचा पारा साधारण २४ अंशांच्या वर राहू लागला की टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळायला लागतात. एप्रिल-मेच्या मुंबईत पहाटेसुद्धा पारा बहुतेक दिवस त्याच्या वरच असतो. पालकाला तर थंडीच हवी. म्हणजे पाऊस अगदी वेळेवर आला असता तरी तुमचा टोमॅटो आणि पालक हाती लागला नसता. तुम्ही पावसावर घेतलेला आळ निम्मा चुकीचा आहे, आणि हाताच्या गुणावर घेतलेला तर पूर्ण चुकीचा.

आता उरलेला निम्मा. पाऊस बेभरवशाचा झाला आहे हे तुमचं म्हणणं खरंच आहे. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून. २०२३ साली तो २५ जूनला आला, २०२४ साली ९ जूनला आणि यंदा, म्हणजे २०२५ साली, २६ मे रोजी. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंद त्याआधीच्या पंचाहत्तर वर्षांत नाही. तीन वर्षांत महिनाभराचा फरक. आला म्हणजे टिकला असंही नाही. देशभरात २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. पेरणीचा एकच दिवस ठरवणाऱ्या माणसाची अशा वर्षांत फसगत होणारच. तुम्ही एका रविवारी पाचही पिकं लावलीत, म्हणजे सगळे पैसे एकाच आकड्यावर लावले. तुमचा तो एक दिवस चुकला.

सासूबाईंच्या मिरगाबद्दलही याच अंगाने बोलू. मृग सूर्याच्या गतीवर ठरतं, म्हणून ते दर वर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतं. नक्षत्र जागचं हलत नाही, पाऊस मात्र हलतो. त्यामुळे नुसतं मिरग बघून पेरलं असतं तर २०२३ मध्ये तुमची रोपं सतरा दिवस उन्हात उभी राहिली असती. पण म्हणून त्यांचं बोलणं उडवून लावू नका. त्यांना वेगळा प्रश्न विचारा. मिरगात पेरलं आणि मग पावसाने ओढ दिली, तर तुमच्याकडे काय करायचे? मला खात्री आहे, त्या राखून ठेवलेल्या बियाण्याबद्दल सांगतील. दुबार पेरणीबद्दल सांगतील. कुठल्या खाचरात आधी पेरायचे, कुठल्यात मागाहून, ते सांगतील. शेतकरी तारखेवर कधीच पूर्ण विसंबला नाही. आजही कृषी विभाग सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरल्याशिवाय कोरडवाहू खरिपाची पेरणी करू नका. ओल बघा, असा त्याचा अर्थ. हे तुमच्या कुंडीलाही लागू आहे.

म्हणून माझा मुख्य सल्ला हा: एका दिवशी सगळं पेरणं सोडा. बियांचं पाकीट फोडलंत की आधी निम्मं बी बाजूला काढा. ते कोरड्या डबीत, झाकण घट्ट लावून, फ्रिजमध्ये ठेवा, कारण मुंबईच्या दमट हवेत उघडं बी लवकर दगा देतं. उरलेल्या निम्म्याचे तीन-चार भाग करा आणि दर दहा-बारा दिवसांनी एक चिमूट टाका. लाल माठ पंचवीस-तीस दिवसांत खुडायला येतो, चवळीची पालेभाजीही त्याच सुमाराला. एक पेरणी पावसाने झोडपली, एक उन्हात करपली, तरी तिसरी हाताशी असते. यंदा २६ मेच्या पावसात माझ्या खिडकीतली भेंडीची अकरा रोपं एका रात्रीत आडवी झाली. दोन-दोन पानांवर होती बिचारी. वाईट वाटलं, पण ती पहिली चिमूट होती. १० जूनला पुन्हा बी टोकलं, आज ती रोपं गुडघ्याला लागताहेत. शेतकऱ्याला दुबार पेरणी कर्जात लोटते. तुम्हा-आम्हाला ती एका पाकिटात पडते. ही आपल्याला मिळालेली सवलत आहे, तिचा उपयोग करून घेऊ या.

पाऊस मोजायचं काम मुलाकडे द्या. सरळ उभ्या भिंतीचा एखादा डबा गच्चीवर उघड्यावर ठेवायचा, रोज सकाळी त्यात पट्टी बुडवायची, जितके मिलिमीटर तितका पाऊस. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा आणि डबा ओतून टाकायचा. बातमीतला मुंबईचा पाऊस आणि तुमच्या गच्चीवरचा पाऊस एक नसतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा कुलाब्याला शंभरसुद्धा झाला नव्हता. दोन महिने आकडे लिहिले की कोणत्या पावसानंतर कुंड्यांचं काय होतं ते तुम्हाला स्वतःच्या नोंदीवरून कळेल.

कुंड्यांबद्दल थोडं तपशिलात बोलते, कारण कुजण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. एखादी कुंडी आडवी करून मातीचा गड्डा अलगद बाहेर काढा. मुळं पांढरी आणि कडक असतील तर रोपाला जीव आहे. तपकिरी, बुळबुळीत असतील आणि मातीला तुंबलेल्या गटारासारखा वास येत असेल, तर ते रोप पाण्यात गुदमरलं आहे. मुळांनाही हवा लागते. मातीच्या फटींत सतत पाणी साचलं की ती हवा मिळत नाही, मुळं सडतात आणि वरची पानं कोमेजतात. कोमेजलेली पानं बघून आपण आणखी पाणी घालतो. मी हे वर्षानुवर्षं केलं आहे. पावसाळ्यात पानं मलूल दिसली तर आधी बोट दोन पेरं मातीत घाला, मग काय ते ठरवा.

उपाय साधे आहेत. कुंड्या दोन विटांवर उचलून ठेवा म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतील. खालच्या ताटल्या पावसाळाभर काढूनच टाका. साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात, आणि त्यापायी शेजारीपाजारी आजारी पडले तर तुमची बाग एका दिवसात बंद होईल. मातीवर वाळका पाला किंवा नारळाची सोडणं पसरा. मुसळधार पावसात माती उडून पानांच्या खालच्या बाजूला बसते आणि तिथूनच बरेच रोग सुरू होतात, ते या आच्छादनाने वाचतं. सरळ पडणाऱ्या पावसाचा रोपाला फारसा त्रास नसतो. वरच्या छपराची पागोळी आणि वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी एकाच जागी धो-धो पडत राहतं, त्याखालून कुंडी तेवढी सरकवा. खत एकदम ओतू नका. पाऊस ते धुऊन नेतो. पंधरा दिवसांनी मूठभर कंपोस्ट पुरे.

आणि वजन. वीस लिटर माती भिजली की तीस किलोच्या वर जाते. मोठ्या कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता कडेला, खाली तुळई किंवा भिंत असेल तिथे ठेवा. पाणी जायचं तोंड पाल्याने तुंबू देऊ नका. बाल्कनीच्या कठड्यावर किंवा ग्रिलला बाहेरून टांगलेलं काही असेल तर ते आजच आत घ्या. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे वारे नोंदले गेले. तशा वाऱ्यात तिसऱ्या मजल्यावरची कुंडी खालच्या माणसाच्या डोक्यावर येते.

पिकं कोणती? मुंबईच्या हवेला मानवणारी. आता आषाढ आहे. मायाळूची जुडी बाजारातून आणा, पानं भाजीला वापरा आणि जाड देठ मातीत खोचा, आठवड्यात फुटतील. अंबाडी, चवळी, माठ, भेंडी चालेल. ओव्याची पानं आणि गवती चहा तर हाताने मोडल्याशिवाय मरत नाही. सप्टेंबरात पाऊस ओसरू लागला की वाल टोका आणि टोमॅटो, वांग्याचं बी रोपांसाठी टाका. हस्ताचा पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात रोपं कुंडीत लावा. मग डिसेंबर-जानेवारीत तुमच्या मुलाला घरचा टोमॅटो खायला मिळेल. पालक, मेथी, कोथिंबीर नोव्हेंबरनंतर. मेथीची फारच हौस असेल तर किनाऱ्यावर वाळूत पिकणारी समुद्रमेथी आठवा. बोटभर उंचीची, पेरल्यापासून पंधरवड्याच्या आत काढलेली. उथळ ट्रेमध्ये, पावसाच्या मारापासून आडोशाला, तीच पद्धत घरी जमते. फेब्रुवारीपासून पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारचं ऊन भाजून काढतं. यंदा तर फेब्रुवारीतच उष्णतेच्या लाटेचा इशारा आला होता. तेव्हा एक जुनी सुती साडी ग्रिलला आडवी बांधा. मिरची तिच्यामागे मे महिना काढते.

संच घेऊ नका. घरात पंख्याखाली सॅलडची पानं वाढवायला तो बरा, पण त्याचा पंप विजेवर चालतो आणि उन्हाळ्यात त्यातलं पाणी कोमट झालं की मुळं सडतात. तुमची जी अडचण आहे तीच, फक्त अठरा हजारांत.

मिस्टरांच्या बोलण्यात तथ्य आहे, ते मान्य करून टाका. चार माणसांना दिवसाला किलोभर भाजी लागते. बाल्कनी आणि गच्चीच्या कोपऱ्यातून आठवड्याला दोन-तीन जुड्या आणि थोडी फळभाजी निघाली तरी खूप झालं. सगळी भाजी घरची हा हट्टच तुम्हाला दमवतो आहे असं मला वाटतं. तीन वर्षं तुम्ही प्रत्येक जुडी त्या पूर्ण टोपलीशी ताडून बघता आहात, म्हणून ती नेहमी उणीच दिसते. पण ज्या गोष्टी बाजारातून थोड्या लागतात आणि आणलेल्या निम्म्या वाया जातात, कढीपत्ता, मिरची, ओवा, गवती चहा, हळदीची पानं, अळू, त्या घरी असल्या की पैसेही वाचतात. आणि माती विकत आणणं थांबवा. स्वयंपाकघरातला ओला कचरा, वाळका पाला आणि नारळाच्या शेंड्या यांतून भोकं पाडलेल्या बादलीत दोन-तीन महिन्यांत चांगलं खत होतं. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवरची बाग अशीच स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर उभी राहिली. हजाराची माती बंद झाली की मिस्टरांची तक्रारही निम्मी होईल.

आता रानभाज्या. इथे मला तुमच्याशी जरा स्पष्ट बोलायचं आहे.

नदीकाठची भाजी आजपासून आणू नका. दहिसर नदी तुळशी तलावाकडून निघते आणि उद्यानात असेपर्यंत स्वच्छ असते. वस्तीत शिरली की तिच्यात सांडपाणी आणि तबेल्यांचं शेण येतं. पावसात तेच पाणी काठावर चढतं. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पुराच्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येतो हे मुंबईकराला सांगायला नको. पायाला चीर असताना तिथे चिखलात उतरणं हाच मोठा धोका. शिवाय मोकळ्या जागांवर काय काय टाकलेलं असतं, डबर, जुने रंग, बॅटऱ्या. त्यातलं शिसं मातीत वर्षानुवर्षं राहतं आणि पालेभाजी ते मुळांवाटे आत घेते. मिठाच्या पाण्यात तीनदा धुतलं तरी आत गेलेलं निघत नाही. टाकळा कचऱ्याच्या ढिगावरही तितकाच हिरवागार येतो, त्यामुळे रंगावरून शुद्धता कळत नाही. रेल्वे रुळांशेजारची, रस्त्याकडेची आणि धूरफवारणी होते त्या जागांमधली भाजीही यातच धरा.

उद्यानाच्या भिंतीलगतचं तुम्ही मोघम लिहिलं आहे. आतलं असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय पालाही आणता येत नाही. तिथे जाऊ नका.

आणि ओळख. व्हिडिओत पान दिसतं. त्याचा वास कळत नाही, चीक दिसत नाही, देठ मोडताना होणारा आवाज ऐकू येत नाही. घोळीचंच बघा. कुंडीत, फरशीच्या फटीत घोळीशेजारी तसंच जमिनीला चिकटून पसरणारं एक तण असतं. घोळीचं पान मांसल असतं आणि देठ मोडला की नुसतं पाणी येतं. त्या दुसऱ्याचा देठ मोडला की पांढरा दुधासारखा चीक येतो, ते खायचं नाही. पहिल्या पावसात रानात कळलावी उगवते, पुढे तिला ज्वाळेसारखी सुंदर फुलं येतात. तिचा कंद जीव घेतो. अनोळखी कंद आणि रानातली अळंबी, या दोन गोष्टींना स्वतःच्या अंदाजावर कधीही हात लावू नका. कुणाला काही खाऊन उलट्या, घशाला सूज असं झालंच, तर उरलेला पाला सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी विरार स्टेशनबाहेर एका मावशींकडून शेवळं घेतली. तपकिरी-जांभळी, बंद छत्रीसारखी. त्यांनी सोबत काकडं घ्यायला सांगितली. आवळ्यासारखी हिरवी, आंबट फळं. मला वाटलं विक्री वाढवायला सांगताहेत, म्हणून मी घेतली नाहीत. घरी चिंचेचा कोळ घातला, तोही थोडासा. पहिल्या घासालाच सगळ्यांचे घसे धरले. माझ्या धाकट्या मुलीला बोलता येईना. ती रात्र मी विसरलेले नाही. पुढच्या आठवड्यात त्या मावशींकडे गेले आणि झालं ते सांगितलं. त्यांनी तिथेच बसून मला एक शेवळ सोलून दाखवलं. वरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्याचा पिवळसर भाग टाकायचा, उरलेलं बारीक चिरून काकडाच्या रसात शिजवायचं. "काकडाशिवाय आम्ही चुलीवर चढवतच नाही," त्या म्हणाल्या. चार वाक्यांचं ते ज्ञान माझ्याकडे नव्हतं, आणि कुठल्या चित्रातून ते आलंही नसतं.

म्हणून रानभाजी सोडू नका, वाट बदला. विकत घेऊन शिका. पालघर, डहाणू, जव्हार, विक्रमगडकडच्या बायका पहाटेची गाडी पकडून विरार, वसई, बोरिवलीला येऊन बसतात. पहिल्या पावसाला शेवळं, मग फोडशी, टाकळा, कुर्डू, पुढे कंटोळी. हा क्रम रानातल्या ओलीवर चालतो. पाऊस लवकर आला तर तोही लवकर सुरू होतो. त्या बायकांसाठी हे थोड्या आठवड्यांचं उत्पन्न असतं आणि एकेका वाट्यामागे रानातली मैलोगणती पायपीट असते. तुम्ही "फुकट" लिहिलंत तेव्हा मला त्यांची आठवण झाली. घासाघीस न करता घ्या आणि विचारा, ही कशी करायची? त्या मनापासून सांगतात. एका पावसाळ्यात एकच भाजी शिका. यंदा टाकळा. एक डहाळी पेल्यात ठेवा, मुलाला पानं मोजू द्या. एका देठावर तीन जोड्या, आणि संध्याकाळ झाली की त्या मिटतात. फुलं यायच्या आधीचीच कोवळी पानं घ्यायची. फणसाच्या आठळ्या साठवलेल्या असतील तर त्या घालून, वर ओलं खोबरं. सासूबाई तुमच्यापेक्षा चांगली करतील, त्यांनाच करू द्या. कृषी विभाग ऑगस्टच्या सुमाराला जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे एका छपराखाली पंचवीस-तीस भाज्या बघायला मिळतात. ठाणे, पालघरचा गाठता आला तर घरच्यांना घेऊन जा.

शिकलेली भाजी पुढच्या वर्षी कुंडीत आणा. टाकळ्याच्या वाळलेल्या शेंगेत भरपूर बी असतं, कुर्डूच्या तुऱ्यातही. पाऊस कमी-जास्त झाला तरी ती उगवतात, कारण या मातीत ती रुळलेलीच आहेत. कंटोळीला कंद लावावे लागतात. तिचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, त्यामुळे दोन्ही हवेत, एकट्या वेलाला फळ धरत नाही. मातीची खात्री तुम्हाला आहे. शुद्ध भाजी तुम्हाला हवी होती, तिचा हा खरा मार्ग.

तुम्ही लिहिलंत, बाकी नुसत्या कुंड्या. पावसाळा सुरू होऊन दीड महिना झाला, इतके दिवस माती रिकामी राहत नाही. उद्या सकाळी वर जाऊन नीट बघा. त्यांत घोळ आली असेल, केना आला असेल, कदाचित कुठून तरी पडलेला माठही. उपटून टाकायच्या आधी सासूबाईंना वर न्या, जिना चढवत नसेल तर एकेक रोप मुळासकट खाली आणून दाखवा. त्या ओळखतील ते ठेवा. केन्याच्या पानांची भजी होतात. जे त्यांना ओळखता आलं नाही ते काढून टाका.

नागपंचमी जवळ आली आहे. हळदीची पानं आता हातभर झाली असतील. प्रत्येक रोपाची बाहेरची एक-दोनच पानं, देठाजवळून कात्रीने कापा, मधला कोंब राहू द्या, म्हणजे गणपतीलाही मिळतील. त्या पानांवर पीठ थापून, आत गूळ-खोबरं भरून सासूबाईंना पातोळ्या करायला सांगा. मोदकपात्राचं झाकण काढल्यावर जो वास सुटेल, तो तुमच्या गच्चीचा असेल. गड्डे फेब्रुवारीत काढा आणि त्यांतले चार पुढच्या अक्षय तृतीयेला तुमच्या हाताने लावा. माठाची पहिली चिमूट याच रविवारी टाका, दुसरी पुढच्या आठवड्यानंतर. कोणती जगली ते मला कळवा.